लेकराचं पोट दुखतंय: टीबी आहे की नाही, हे ठरतं कसं?



गेल्या महिन्यात एका बचत गटाच्या बैठकीला गेले होते. हप्त्यांचा हिशेब झाला, चहा झाला, आणि उठता उठता एका बाईनं पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. "ताई, जरा बगता का? पोराच्या पोटात गाठी आल्यात म्हणत्यात." सोनोग्राफीचा रिपोर्ट होता. मुलगा सहा वर्षांचा. अधूनमधून बेंबीपाशी दुखतं म्हणून रडायचा. आतड्याजवळच्या गाठी थोड्या वाढलेल्या दिसतात, एवढं एक वाक्य त्या कागदावर होतं. पण ते वाचून घरात कुणीतरी 'टीबी' हा शब्द उच्चारला होता, आणि चार दिवस त्या घरात कुणाला घास गोड लागला नव्हता. सासूबाईंनी पोराची ताटवाटीसुद्धा वेगळी काढली होती.

तो कागद हातात धरला आणि मला दुसरी एक मुलगी आठवली. पंधरा-सोळा वर्षं झाली असतील. मी तेव्हा नोकरीत होते, जयसिंगपूरच्या आसपासच्या गावांत आरोग्यसेविका म्हणून फिरत होते. मुलगी सात वर्षांची. आई म्हणायची, "पोट दुखतंय म्हणती, जेवतच न्हाई बगा." मी जंताची गोळी दिली. महिन्यानं पुन्हा तीच तक्रार, पुन्हा जंताची गोळी. हातापायाच्या काड्या आणि पोट मात्र नगाऱ्यासारखं, म्हणून शेजारणी म्हणायच्या, माती खाते ती. संध्याकाळी अंग कोमट लागायचं, तर ते उन्हात खेळल्यामुळं. कुणी सांगितलं बेंबी सरकलीय, मग पोट चोळून घेतलं. असे चार महिने गेले. एका रात्री तिला हिरव्या उलट्या सुरू झाल्या, पोट टणक झालं, शौचाला होईना, वारा सरेना. रातोरात मिरजेला नेलं. आतडं अडलं होतं. ऑपरेशन झालं, आतड्याचा तुकडा तपासायला गेला, आणि टीबी निघाला. मुलगी वाचली, पुढं सहा महिने औषधं घेऊन बरीही झाली. पण मला आजही जे टोचतं ते वेगळंच आहे. तिच्या आजोबांना वर्षापूर्वी फुप्फुसाचा टीबी झाला होता, आणि त्यांचं नाव माझ्याच रजिस्टरात होतं. त्याच उंबऱ्यातल्या नातीचं पोट दुखत होतं, आणि मी त्या दोन गोष्टी जोडल्या नाहीत.

एका घरात टीबी होता आणि कुणाला कळला नाही. दुसऱ्या घरात एका कागदावरून टीबी ठरवून टाकला गेला. लहान मुलांच्या पोटाच्या टीबीत या दोन्ही चुका नेहमी होतात. म्हणून आज औषधाबद्दल थोडंच बोलणार आहे. हा आजार ओळखतात कसा, त्याबद्दल जास्त बोलायचं आहे.

टीबी म्हणजे खोकला आणि छाती, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे. टीबीचा जंतू शरीरात कुठंही घर करतो. पोटात त्याच्या आवडीच्या तीन जागा. पहिली आतडं, त्यातही लहान आतडं मोठ्या आतड्याला मिळतं तो उजव्या बाजूचा, खालचा सांधा. दुसरी म्हणजे पोटाला आतून अस्तर असतं ते. त्याला सूज आली की पोटात पाणी साठतं. तिसरी, आतड्याला धरून ठेवणाऱ्या पडद्यातल्या गाठी. कधी एकच जागा धरते, कधी तिन्ही. क्वचित यकृत आणि प्लीहाही.

पोटात तो पोहोचतो कसा? घरात कुणाला छातीचा टीबी असेल तर खोकल्यातून जंतू हवेत येतात आणि मुलाच्या फुप्फुसात जातात. तिथून रक्तातून किंवा गाठींच्या वाटेनं ते पोटापर्यंत जातात. शिवाय मोठी माणसं बेडका थुंकून टाकतात, मुलं गिळतात. गिळलेल्या बेडक्याबरोबर जंतू थेट आतड्यात. तिसरी वाट दुधाची. गाई-म्हशींनाही टीबी होतो, त्यांचा जंतू थोडा वेगळ्या जातीचा, आणि तो कच्च्या दुधातून माणसात येऊ शकतो. आपल्या जिल्ह्यात धारोष्ण दुधाचं भारी कौतुक. कोल्हापुरात गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशीची धार थेट पेल्यात घेऊन पिणारे आजही आहेत. पैलवानांचं पैलवान बघतील, पण लेकराला देताना दूध चांगलं उकळी आणूनच द्या. तरी हेही सांगते, की आपल्याकडं बहुतेक मुलांना हा आजार माणसाकडूनच येतो. त्यामुळं दोष गोठ्याला देऊन मोकळं होऊ नका. आधी घरात खोकतंय कोण ते बघा.

आता लक्षणं. इथंच सगळी मेख आहे, कारण पोटाच्या टीबीचं स्वतःचं असं एकही लक्षण नाही. पोटदुखी, भूक मंदावणं, बारीक ताप, वजन न वाढणं, पोट फुगणं, कधी जुलाब तर कधी बद्धकोष्ठ, पोटात हाताला लागणारा गोळा. यातली प्रत्येक गोष्ट दुसऱ्या दहा कारणांनी होते. आणि शाळेच्या वयात पोटदुखीचं पोर तर घरटी एक सापडतं. त्यातल्या बहुतेकांना काही मोठं नसतं. शौचाला साफ होत नसतं, शाळेची भीती असते, जंत असतात, किंवा नुसतंच दुखतं आणि थांबतं. असं मूल बेंबीवर बोट ठेवतं, थोडं रडतं, आणि दहा मिनिटांनी अंगणात उड्या मारतं. त्याचं वजन वाढत असतं, जेवण चालू असतं.

काळजीचं मूल वेगळं दिसतं. दुखणं त्याला झोपेतून उठवतं. ते बेंबीपासून दूर, एका ठरावीक जागी हात ठेवतं. दोन आठवड्यांच्या वर ताप रेंगाळतो. खेळायला बोलावलं तरी ते उंबऱ्यावर बसून राहतं. आणि वजन. मैत्रिणींनो, या आजारात आईच्या हातातलं सगळ्यात मोठं हत्यार म्हणजे वजनकाटा. दोन वर्षांनंतर, वयात येईपर्यंत, साधारण वर्षाला दोन किलो वजन वाढायला पाहिजे. तीन महिन्यांत वजनाच्या पाच टक्क्यांहून जास्त घट झाली, म्हणजे वीस किलोच्या मुलाचं किलोभराहून जास्त वजन उतरलं, तर ते गंभीर धरतात. पण उतरलं हे कळायला आधीचा आकडा हवा ना? अंगणवाडी सुटली की आपण वजन करायचंही सोडतो. फ्रॉक सैल झाला की मग म्हणतो, उंची वाढतेय. तुमच्या गटाकडं धान्याचा काटा असतो, शाळेत वजनकाटा असतो. महिन्यातून एकदा वजन करून तारीख आणि आकडा वहीत लिहायला पैसे पडत नाहीत.

अजून एक प्रश्न तुम्ही डॉक्टरांना आपणहून सांगा, त्यांनी विचारायची वाट बघू नका. गेल्या दोन वर्षांत घरात, शेजारी किंवा मूल ज्यांच्या मांडीवर वाढलं त्या माणसांत कुणाला टीबी झालाय का, किंवा कुणी जुनाट खोकतंय का? लाजेनं हे लपवलं जातं. 'पोरीचं लग्न व्हायचंय', 'भावकीत नाव जाईल'. मी सांगते, या एका उत्तरानं डॉक्टरांच्या विचाराची दिशा बदलते. माझ्या त्या मुलीच्या बाबतीत हे उत्तर रजिस्टरात लिहिलेलं होतं, आणि तरी कामाला आलं नाही.

आता तपासण्या. मोठ्या माणसाला छातीचा टीबी असेल तर बेडका तपासला, जंतू दिसला, संपलं. पोटाच्या टीबीत तसं नाही. जंतू आत खोल, संख्येनं थोडे, आणि लहान मुलाला बेडका काढता येत नाही. अशी एकही तपासणी नाही की जी एकटीच सांगेल 'आहे' किंवा 'नाही'. चार-पाच गोष्टी शेजारी शेजारी मांडून निर्णय करावा लागतो. म्हणूनच डॉक्टर एकामागून एक तपासण्या सांगतात तेव्हा 'पैसे काढायला सांगत्यात' असं लगेच म्हणू नका. आणि यातल्या बऱ्याच तपासण्या सरकारी दवाखान्यात फुकट होतात, हेही लक्षात ठेवा.

पहिली छातीचा एक्स-रे. दुखतंय पोट आणि फोटो छातीचा कशाला, असं बायका विचारतात. कारण पोटाच्या टीबीबरोबर काही मुलांच्या छातीतही टीबी असतो, आणि छातीतला पुरावा हाती लागायला सोपा. एक्स-रे साफ आला म्हणून पोटात टीबी नाही असं मात्र होत नाही.

दुसरी हातावरची सुई, तिला मांटू म्हणतात. हाताच्या आतल्या बाजूला कातडीत थोडंसं औषध टोचतात आणि ४८ ते ७२ तासांनी त्या जागी आलेला फुगवटा मोजतात. इथं दोन घोळ होतात. एक, बायका तिसऱ्या दिवशी परत जातच नाहीत. घरीच बघतात, लाल झालंय, म्हणजे टीबी. लाली मोजायची नसते. हाताला लागणारा टणक फुगवटा मोजायचा असतो, आणि तो माहीतगार माणसानंच मोजायचा. दहा मिलिमीटर किंवा जास्त असेल तर ती पॉझिटिव्ह धरतात. दुसरा घोळ अर्थाचा. पॉझिटिव्ह म्हणजे टीबीचा जंतू या शरीरात कधीतरी येऊन गेलाय किंवा झोपून आहे. आजार झालाय असं ती सुई सांगत नाही. आणि अगदी वाळलेल्या, कुपोषित किंवा नुकत्याच गोवर होऊन गेलेल्या मुलात टीबी असूनही फुगवटा येत नाही. म्हणजे ही सुई साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे.

रक्ताच्या तपासणीबद्दल जरा कडक बोलते. 'रक्तात टीबी बघू' म्हणून पूर्वी खासगीत सर्रास एक तपासणी व्हायची, रक्तातल्या प्रतिपिंडांची. ती इतकी चुकायची, की भारत सरकारनं २०१२ साली तिच्या किटवर बंदी घातली. आता 'गोल्ड' नावानं दुसरी एक महागडी रक्ततपासणी करतात. तिच्यावर बंदी नाही, पण तिचं सांगणं मांटूएवढंच, की जंतू शरीरात येऊन गेलाय. तेवढ्यावर सहा महिन्यांची औषधं सुरू करायची नसतात. हिमोग्लोबिन, ईएसआर या साध्या तपासण्या मुलाची तब्येत सांगतात, आजाराचं नाव सांगत नाहीत. रक्ताची एक तपासणी मात्र टीबी ठरलेल्या प्रत्येकाची करतात, ती एचआयव्हीची. ती सगळ्यांचीच होते, त्यात कुणी वाईट वाटून घेऊ नये.

आता त्या कागदाकडं येऊ, सोनोग्राफीकडं. पायाला काटा लागून जखम झाली की जांघेत अवधाण येतं, हे आपल्याला माहीत आहे. जखम पायाला, गाठ जांघेत. शरीरभर अशा छोट्या गाठी चौकी-पहाऱ्यासारख्या असतात. जवळपास काही झालं की त्या फुगतात, भानगड मिटली की ओसरतात. पोटातही अशा पुष्कळ गाठी आहेत. मुलाला जुलाब झाले, सर्दी-खोकला झाला, जंत झाले, घसा आला, तरी पोटातलं अवधाण उठतं. पूर्वी सोनोग्राफी नव्हती, त्यामुळं ते कुणाला दिसत नव्हतं. आता मशीन चांगली आली आणि धडधाकट मुलांच्या पोटातही या गाठी दिसायला लागल्या. दिसल्या म्हणून लिहिल्या जातात, आणि लिहिल्या म्हणून घर घाबरतं.

मग साधी गाठ कुठली आणि टीबीची कुठली? साध्या गाठी लहान, लांबट, सुट्या सुट्या असतात, रुंदी साधारण एक सेंटिमीटरच्या आत, आणि आतली रचना जशीच्या तशी. टीबीच्या गाठी मोठ्या, गोल होत जाणाऱ्या, एकमेकींना चिकटून गठ्ठा झालेल्या, आणि मधोमध विरघळल्यासारख्या दिसतात. त्यांच्या जोडीला पोटात पाणी, आतड्याची भिंत जाड झालेली, पोटातला चरबीचा पडदा सुजलेला, असं काहीतरी असतं. म्हणून रिपोर्ट आणला की 'गाठी आहेत का' एवढंच विचारू नका. 'किती मोठ्या? सुट्या की चिकटलेल्या? पाणी आहे का? आतडं जाड आहे का?' हे विचारा. मूल खेळतंय, वजन धरून आहे, ताप नाही आणि गाठी बारीक सुट्या आहेत, तर बहुतेक डॉक्टर थोडे आठवडे थांबून पुन्हा बघतात. ते थांबणं म्हणजे हयगय नव्हे. आणि नुसत्या गाठींच्या वाक्यावर कुणी टीबीची औषधं लिहून दिली, तर नम्रपणे विचारा, की दुसऱ्या मुलांच्या डॉक्टरांचं मत घेऊ का? माझ्या मते हा आईचा हक्क आहे.

उलट, चित्र खरंच टीबीसारखं दिसत असेल तर पुढचं पाऊल म्हणजे नमुना मिळवणं. पोटात पाणी असेल तर बारीक सुईनं थोडं काढतात. 'पाणी काढलं की पोर आणखी खंगतं' असं म्हणतात ते खरं नाही. तपासायला लागतं ते चार-दोन चमचे. त्यात पेशी कुठल्या, प्रथिनं किती आणि एडीए नावाचा एक घटक किती, हे बघतात. टीबीत एडीए वाढतो. मोठी गाठ सुईच्या टप्प्यात असेल तर सोनोग्राफीवर बघत बघत तिचा अंश काढतात. आतड्यात दोष असेल तर दुर्बीण घालून आतून बघतात आणि तुकडा घेतात. काही मुलांना बेशुद्ध करून, पोटाला छोटं छिद्र पाडून दुर्बिणीनं अस्तराचा तुकडा घ्यावा लागतो. हे ऐकून आईच्या पोटात गोळा येणारच. पण सहा महिने चुकीची औषधं देण्यापेक्षा किंवा दुसराच आजार आत वाढू देण्यापेक्षा हे पत्करलेलं बरं. सुई घातली की टीबीची गाठ पसरते, ही भीतीही मनातून काढा.

लहान मुलात अजून एक युक्ती करतात. रात्रभर गिळलेला बेडका सकाळी जठरात साठलेला असतो. मूल उठल्या उठल्या, उपाशीपोटी, नाकातून बारीक नळी घालून ते पाणी काढतात. अलीकडं मुलांच्या शौचाचा नमुनाही टीबीसाठी तपासतात, कारण गिळलेले जंतू शेवटी तिथंच येतात. हे दोन्ही नमुने मुख्यतः छातीतला टीबी पकडायला, पण तो सापडला तर पोटाचं कोडंही सुटायला मदत होते.

हा सगळा नमुना सीबीनॅट किंवा ट्रूनॅट मशीनमध्ये घालतात. ती जंतूचा जनुकीय अंश शोधते. तास-दोन तासांत उत्तर देते, आणि रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला जंतू दाद देईल की नाही तेही सांगते. ट्रूनॅट तर आपल्या शेजारच्या गोव्यातल्या कंपनीचं, बॅटरीवर चालणारं. पण मशीन कितीही हुशार असली, नमुन्यात जंतूच थोडे असतील तर तिला सापडणार कुठून? पोटातल्या पाण्यात तर ते फार कमी असतात. त्यामुळं 'पॉझिटिव्ह' आला तर पक्का मानायचा, 'निगेटिव्ह' आला तर विषय संपला असं नाही. म्हणून नमुन्याचा एक भाग जंतू वाढवून बघायला कल्चरला पाठवतात, त्याचं उत्तर यायला सहा आठवडेही लागतात. तेवढं थांबण्याजोगी मुलाची स्थिती नसेल, तर डॉक्टर सगळा पुरावा मांडून औषध सुरू करतात. तो निर्णय अंदाजपंचे नसतो, पण त्यामागं काय काय पुरावा आहे हे तुम्हाला विचारता आलं पाहिजे.

टीबीची हुबेहूब नक्कल करणारे आजारही आहेत. क्रोन नावाचा आतड्याच्या सुजेचा आजार आहे, तो त्याच उजव्या सांध्याला धरतो. गाठींचा कर्करोगही सुरुवातीला असाच दिसतो. गव्हाची ॲलर्जी म्हणतात त्या सिलिॲक आजारात मूल असंच वाळतं आणि पोट सुटतं. म्हणून 'टीबीची औषधं देऊन तर बघू, लागू पडली तर टीबी' हा मार्ग सरळ वाटला तरी धोक्याचा. त्यात बाकीच्यांचे महिने वाया जातात.

रातोरात निघायचं कधी, तेही सांगते. हिरवी उलटी, पोट टणक आणि फुगलेलं, शौच आणि वारा दोन्ही बंद, पोटावरून आत काहीतरी वळवळत सरकताना दिसणं, शौचातून रक्त. यातलं काही दिसलं तर ओवा, हिंग, पोट चोळणं, डाग देणं यात एक तासही घालवू नका. मूल उपाशी ठेवा आणि ऑपरेशनची सोय असेल तिथं न्या. आपल्याला मिरज जवळ आहे, ते आपलं नशीब. १९६२ पासून तिथं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्याच्याही कितीतरी आधी, १८९४ साली, डॉ. वानलेस यांनी तिथं मिशनचं रुग्णालय उभारलं. सांगली-मिरज रस्त्यावर वानलेसवाडी लागते ना, तिथं त्यांनीच क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम काढलं होतं. तेव्हा टीबीवर औषध नव्हतं. मोकळी हवा, विश्रांती, दूध-अंडी, एवढाच उपचार. आमच्या आजीच्या पिढीला क्षय म्हणजे काय वाटायचं ते यावरून समजा. आज जंतू औषधाला दाद देणारा असेल तर पोटाचा टीबीही साधारण सहा महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होतो.

त्या गोळ्यांबद्दल थोडक्यात. मुलाच्या वजनावर डोस ठरतो, लहान मुलांसाठी पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्या असतात, सरकारकडून फुकट मिळतात. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने सहसा दोन किंवा तीन. लघवी केशरी होते, घाबरू नका. डोळे पिवळे झाले, उलट्या थांबेनात किंवा दिसण्यात फरक वाटला, तर त्याच दिवशी दाखवा. पहिल्या एक-दोन महिन्यांत ताप जायला, भूक यायला, वजन चढायला लागलं पाहिजे. तसं झालं नाही तर निदान पुन्हा तपासायचं असतं. सुरुवातीला गाठी कधी उलट थोड्या वाढतात, आणि औषध संपल्यावरही काही गाठी उरतात. मूल सुधारत असेल तर नुसत्या उरलेल्या गाठींसाठी औषध वाढवत नाहीत. खाण्यासाठी रुग्णाच्या खात्यावर निक्षय पोषण योजनेचे महिन्याला पैसे येतात, नोव्हेंबर २०२४ पासून ते ५०० चे १,००० रुपये झालेत. खासगी डॉक्टरांकडं उपचार असले तरी नोंद करणं त्यांना बंधनकारक आहे, आणि नोंद झाली की हा हक्क लागू होतो.

आपल्या तालुक्यात ऊसतोडीच्या हंगामात फडावर बीडकडची, मराठवाड्याची कुटुंबं येतात. त्यांची मुलं पालात राहतात, वजनाची वही नाही, अंगणवाडी सुटलेली. त्यातलं एखादं पोर खंगताना दिसलं तर तुमच्या आशाताईंना सांगा. औषध सुरू झालं आणि हंगाम संपला तरी खंड पडू द्यायची गरज नाही. निक्षयची नोंद देशात कुठंही चालते, जाताना तो नंबर लिहून दिला की गावाकडं पुढच्या गोळ्या मिळतात. शंका असेल तर १८००-११-६६६६ हा निक्षयचा फुकट फोन आहे.

आणि ताटवाटीचं. नुसता पोटाचा टीबी खोकल्यातून पसरत नाही, आणि भांड्यातून तर टीबी जातच नाही. मुलाला वेगळं बसवून काही साधत नाही. शोधायचं असतं ते घरातलं खोकणारं मोठं माणूस, ज्याच्याकडून मुलाला हा आजार आला. घरात छातीचा टीबी निघाला की बाकीच्या सगळ्यांची तपासणी होते, आणि आजार नसलेल्यांना तो होऊ नये म्हणून प्रतिबंधक औषध देतात. बीसीजीची लस मेंदूच्या टीबीसारख्या भयंकर प्रकारांपासून लहान मुलांना बरंच वाचवते, पण लस दिलीय म्हणून टीबी होणारच नाही असं धरू नका.

त्या सहा वर्षांच्या मुलाचं पुढं काय झालं, तेही सांगते. मी त्याच्या आईबरोबर मुलांच्या डॉक्टरांकडं गेले. त्यांनी शाळेतलं वजन मागवलं, वर्षात पावणेदोन किलो वाढलं होतं. ताप नाही, घरात कुणी खोकणारं नाही, छातीचा फोटो साफ, मांटूला तिसऱ्या दिवशी फुगवटा नाही. पोट चाचपून बघितलं तर मळ साठलेला. शौचाचं औषध दिलं, पालेभाजी आणि पाणी वाढवायला सांगितलं, आणि सहा आठवड्यांनी पुन्हा सोनोग्राफी. परवा ती झाली. गाठी बारीक झाल्यात, पोर दोन भाकऱ्या खातंय. त्याची ताटवाटी सासूबाईंनी परत घरच्या भांड्यांत मिसळली का, ते मात्र मी विचारायचं विसरले. येत्या शुक्रवारी हप्त्याची बैठक आहे, तेव्हा विचारते.